फ्रेंच आणि भूगोलाचं वर्ष

दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी बसले होते. बाप नुकताच डॉक्टरांकडून बाहेर आला होता.

"काय म्हणाले, बाबा?"

"फार तर सहा महिने. रडू नकोस. तू ठरल्याप्रमाणे फ्रान्सला जा. फ्रेंच आणि भूगोल एकत्र शिकवणारं विद्यापीठ तूच हुडकलंस ना?"

"पुढच्या वर्षी जाईन."

"तेव्हा आईला एकटीला टाकून तुझा पाय निघेल? मी आहे तोवरच जा."

"आणि तुम्ही गेल्याचं मला फोनवर कळणार?"

बाप हातातली फाइल पिशवीत ठेवू लागला.

"बाबा, तुमचा रिपोर्ट मी कालच वाचला. विद्यापीठाला कळवून नावही मागे घेतलं."

"अगं वेडे! आता आईला काय सांगायचं? तिला वाटतंय, आपण तुझ्या व्हिसासाठी गेलोय."