समोर बघून उडी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी काठी घेतलेल्या एक बाई आणि त्यांची तरुण भाची बसल्या होत्या.

“आत्या, आज लीप मारायची आहे. तयार ना?”

“महिनाभर उड्याच मारतेय की मी!”

“ते हॉपिंग होतं. उजव्या पायावरून उडायचं आणि उजव्यावरच उतरायचं. मोडलेला डावा नुसता पाहुणा.”

“परवा दोन्ही पायांवर उडाले, ती?”

“ती जंप. त्यातही सगळा भार उजव्यावरच टाकलास. मी बघत होते.”

“मेलीचं लक्ष बारीक! मग लीप म्हणजे?”

“एका पायावरून उडून दुसऱ्यावर उतरायचं. वाटेतलं डबकं ओलांडतो ना, तसं.”

“म्हणजे डाव्यावर उतरायचं.”

“हो.”

“आणि त्याने दगा दिला तर?”

“तुझ्या नाचाच्या वर्गात मी अशीच घाबरायचे. तेव्हा काय म्हणायचीस?”

“शिव्या घालायचे.”

“त्यानंतर म्हणायचीस, पायाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

“अजून आठवतं तुला?”

“अजून तसंच नाचते मी.”

आतून बोलावणं आलं. दोघी आत गेल्या. भाची पुढे जाऊन समोरच्या भिंतीपाशी उभी राहिली. दार उघडंच होतं.

“आत्या, काठी ठेव. इकडे बघ.”

“आधी तू पाठ ताठ कर. बघवत नाही.”

“केली. ये आता.”

फरशीवर पाय आपटल्याचा आवाज झाला.

“बघितलंस? डाव्यावर उतरले!”

“पायाकडे कोण बघतंय? मी तुझ्याकडे बघत होते.”