तबीथाबाईंनी पाहिलेली तार

मंडळी, एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच नको, मनात ठेवा. एखाद्यानं हातानं काही वाईट केलं नाही, तोंडानं वाईट बोलला नाही – तर त्याचं अंतःकरण शुद्ध म्हणायचं का?

माना हलायला लागल्या बघा! अहो, थांबा! आधी ऐका.

एक छोटं गाव. गावात पत्र्याचं छोटं चर्च. आणि त्या चर्चमध्ये तबीथाबाई पठारे! प्रभुभोजनाच्या मेजावर जी पांढरी चादर अंथरतात ना, ती बावीस वर्षं तबीथाबाईंनी धुतली. कशी? नीळ मोजून, बोटाच्या पेरावर! बाई चादर झटकायच्या तर समोरचा डोळे मिटायचा, इतकी पांढरी!

पण गुडघे धरले. तळ्यावर उकिडवं बसवेना. चर्चचे पाळकसाहेब मायेनं म्हणाले, "बाई, आता विश्रांती घ्या. रिबकाबाईंची नवी सून आहे, सुवार्ता. ती धुवील."

तबीथाबाई हसून म्हणाल्या, "बरं झालं बाई! देवाची इच्छा!"

मंडळी, "देवाची इच्छा" हे शब्द आपण कधी म्हणतो? आपली इच्छा मोडली की! खरं की नाही? – पेटीवाले दाविदभाऊ हसले. म्हणजे खरंच!

आता गुरुवारी काय झालं? तबीथाबाई दूध घेऊन चालल्या होत्या. बघतात तर सुवार्ता परसात उभी. वाळत घालायची दोरी कुजलेली, म्हणून पोरगी लोखंडी तार बांधतेय. जुनी, गंजलेली. फडक्यानं पुसतेय बिचारी, तिला वाटलं पुसली की झालं!

तबीथाबाई थबकल्या. ओली चादर या तारेवर पडली की काय होणार, हे बावीस वर्षांच्या अनुभवाला कळत नव्हतं का? तोंड उघडलं... आणि मिटलं. आणि गाणं गुणगुणत बाई घरी गेल्या!

काय पाप केलं सांगा? काहीच नाही! तार त्यांनी बांधली? नाही. चादर त्यांनी टाकली? नाही. हात कसे? स्वच्छ!

शुक्रवारी कुंपणापलीकडून रिबकाबाईंचा आवाज आला. "अगं, हे काय केलंस! मेजाची चादर, आणि ही तांबडी रेघ! परवा सगळी मंडळी बघणार! तुझ्या माहेरी काय कपडे मातीत वाळवतात का गं?" आणि सुवार्ताचं मुसमुसणं.

तबीथाबाईंनी इकडे चूल पेटवली, कपभर चहा टाकला. आलं घालून! आणि मंडळी, तो चहा त्यांना इतका गोड लागला, इतका गोड, की साखर घातलीच नाही हे शेवटच्या घोटाला कळलं!

गा हो, टाळ धरा –

*हात धुतले, वस्त्र धुतले, धुतलं दार नि अंगण,*
*आतली खोली तूच झाडी, देवा, आत येऊन!*

शनिवारी सकाळी तयारीची उपासना. त्या चर्चची रीत अशी, की प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचा हात धरायचा आणि म्हणायचं, "माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा." तबीथाबाई यात पटाईत! बावीस वर्षं झाली, चाळीस माणसांचा हात भराभर धरायच्या, दळण टाकून यायच्या वेळेत उरकायचं!

आज रांग सरकत सरकत सुवार्तापाशी आली. पोरीचे डोळे सुजलेले. तिनं दोन्ही हातांनी बाईंचा हात धरला.

"आत्या, माझं चुकलं हो. तुमचं बावीस वर्षांचं काम, मी एका दिवसात नासवलं. मला क्षमा करा."

आता बघा सैतान किती शहाणा! तो कानात म्हणतो, "म्हण की – केली हो क्षमा! डोक्यावर हात ठेव! सगळी मंडळी बघतायत!" अहो, एवढी सोपी गोष्ट! क्षमा करायची आणि मोठं व्हायचं!

तबीथाबाईंनी दुसरा हात वर उचललाही. पण पोरीच्या डोक्यापर्यंत जाईना. हवेतच राहिला.

"सुवार्ता," त्या म्हणाल्या, "मी तार पाहिली होती."

"कुठली तार, आत्या?"

"तू बांधत होतीस ती. गुरुवारी. मला माहीत होतं गं, डाग पडणार. मी बोलले नाही." बाईंनी हवेतला हात खाली घेतला. "आणि पडला, तेव्हा मला बरं वाटलं."

रिबकाबाई ओरडल्या, "अगं बया! आणि मी माझ्या सुनेला बोलले!"

"मग आता तिचा हात धरा," तबीथाबाई म्हणाल्या. "मी दुसरीला सांगायच्या लायकीची नाही, पण धरा."

सुवार्ता काय म्हणाली असेल? रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आत्या, डाग जातो का हो?"

"जातो तर! लिंबू आण, मीठ आण. ऊन आहे तोवर चल!"

पाळकसाहेबांनी अर्ध्यातच आमेन म्हटलं आणि आपल्या झाडाची लिंबं तोडून दिली. स्वतः पिळत बसले, डोळ्यात रस गेला! तबीथाबाई स्टुलावर, सुवार्ता खाली. "चोळू नकोस, नुसतं दाब! सूत दुखतं!"

रविवारी मेजावर चादर आली. डाग गेला होता. जवळजवळ! एक फिकट रेघ तेवढी उरली. सुवार्ता ती मागच्या बाजूला वळवायला लागली. तबीथाबाई म्हणाल्या, "राहू दे. माझ्या बाकाच्या बाजूला कर. मला दिसायला हवी."

त्या दिवशी बाई पहिल्यांदाच आपली चादर किती पांढरी हे न बघता मेजापुढे गेल्या. मनानं निर्मळ असेल त्याला देव दिसतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटतं, त्या दिवशी तबीथाबाईंना थोडा दिसला असेल.

आता मंडळी, शेजारणीकडे बघू नका! मी तिच्याबद्दल बोलत नाही. तुमच्याबद्दल बोलते. गेल्या महिन्यात कुणाची फजिती ऐकून आतल्या आत बरं वाटलं? कुणाला सांगता आलं असतं, सावध करता आलं असतं, आणि तोंड मिटून घेतलं?

नाव आठवलं ना? चेहराही आठवला. ते माणूस कदाचित इथंच बसलंय, चार ओळी मागं.

दाविदभाऊ, पद पुन्हा घ्या, सावकाश घ्या. मी लांबवते. ज्याला उठून त्या माणसाचा हात धरायचाय त्यानं जाऊन यावं.