पांढऱ्या जमिनीवरची व्हॅन

(वरसे गाव. काशीबाईंची ओटी, सकाळची वेळ. भाचा धनेश डोलवीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून पेणला घरी न जाता थेट इकडे आला आहे.)

धनेश : शेजारी गेलेय, शेजारी गेलेय, हे तू चौथ्यांदा सांगतेस, मावशी. आई कुठल्या शेजारी गेलेय?

काशीबाई : अरे, बस तरी. चहा घे.

धनेश : आणि व्हॅन? ती पण शेजारी गेलेय?

काशीबाई : ती तिच्याबरोबरच हाय.

धनेश : पाच दिवस झाले. "काशीकडं वरशाला जाते" म्हणून निघाली. आज संध्याकाळी निलेश व्हॅन न्यायला येतोय. मी शब्द दिलाय त्याला.

काशीबाई : शब्द तू दिलास. गाडी तिची.

धनेश : चौसष्ट वर्षांची बाई ती! बाबा गेल्यापासून एकटीच गाडी घेऊन फिरते. कुठं आडरस्त्याला अडकली तर काढणार कोण? म्हणून विकतोय. मला काय हौस नाय.

काशीबाई : सांगते. पण ओरडू नको, लोक ऐकतात. ती कच्छच्या रणात हाय. गुजरातेत.

धनेश : काय?

काशीबाई : रानगाढवं बघायला गेलेय. आणि ते गुलाबी पक्षी, लांब पायांचे. तुमच्या मिठागरात यायचे ना, ते.

धनेश : एकटी?

काशीबाई : एकटी कशी? व्हॅन हाय की. थांब, हा तिचाच फोन. रोज याच टायमाला करते. आवाज मोठा करते, पण तू गप बस.

सगुणा : काशे! बाय गो, काय सांगू तुला! चाळीस! एका वेळी चाळीस गाढवं! पण गाढव म्हणायला जीभ रेटत नाय गो. काय ती कांती, काय ती ऐट! गाडीच्या बरोबरीनं पळाली, मग मलाच मागं टाकून गेली!

धनेश : आई.

सगुणा : काशे, तुझा आवाज बसलाय काय?

धनेश : आई, मी धनेश.

सगुणा : ...शिफ्ट सुटली? काय खाल्लंस?

धनेश : खाण्याचं सोड! तू मला वरसे सांगून कच्छला गेलीस?

सगुणा : कच्छ सांगितलं असतं तर चावी दिली असतीस?

काशीबाई : मी म्हटलंच होतं, ओरडणार हा.

धनेश : रस्ता कुणी दाखवला तुला? तिथं पाट्या गुजरातीत.

सगुणा : आपलीच अक्षरं रे, नुसती डोक्यावरची रेघ काढलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बाराखडी गिरवायला बसले, तेव्हा तू हसला होतास ना? सुरत सोडल्यापासून एक पाटी चुकले नाय. एकच चुकले. पण तिथं उंट बघायला मिळाले.

धनेश : आई, खरं सांग. कुठं अडकलीस का?

सगुणा : अडकले. परवा.

धनेश : बघ! बघ, मावशी! हेच म्हणत होतो मी!

सगुणा : पुढचं ऐक. आपल्या मिठागरात पांढरं दिसलं की खाली तळ घट्ट. म्हणून मी बिनधास्त घातली गाडी पांढऱ्यावर. चाक रुतलं. मग डोक्यात उजेड पडला. आपला तळ घट्ट का? तर आपण तो पायांनी तुडवलेला असतो. मी, तुझा बाप, काशी, सगळ्यांनी. इथं एवढं मोठं रण कोण तुडवणार?

काशीबाई : अग्गो! खरंच की!

धनेश : मग काढली कुणी?

सगुणा : मी.

धनेश : आणखी कोण होतं?

सगुणा : माणूस नव्हता, लांबवर एक कोल्हा बसला होता. तो काय मदतीला आला नाय. चाकापुढचा चिखल उपसला, मागच्या सीटखालची गोणपाटं काढली, चाकाखाली घातली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा निघाली. त्यानंतर जमिनीचा संशय आला की उतरायचं, चप्पल काढायची नि टाच मारायची. बद्द वाजलं की वळसा, टणक लागलं की पुढं.

काशीबाई : आणि मग पुढं गो?

सगुणा : अरे, काल शहरातली पोरं रुतली, हीऽ मोठी जीप. माझ्याच गोणपाटांवरनं बाहेर काढली. मग मी अनवाणी पुढं नि ते गाडी घेऊन मागं, पार पाण्यापर्यंत.

धनेश : पाण्यापर्यंत कशाला?

सगुणा : तिथंच होते ते, धनेश. आपले गुलाबी. मिठागरात भराव पडला नि यायचे थांबले, तेव्हा तुझा बाप म्हणायचा, मेले नसतील, कुठंतरी असतील. हायत रे. हजारांनी हायत! मान पाण्यात घालून खाताना तस्साच आवाज करतात. पोरं फोटो काढत होती. मी दोन्ही हात वर केले नि जोरात ओरडले, "मी पेणची!"

काशीबाई : उडाले का गो?

सगुणा : चार उडाले. बाकीच्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाय.

धनेश : खरंच हजारांनी?

सगुणा : हो रे, हजारांनी. हे बघ. एकदा जाऊन येते नि मग चावी तुझ्या हातात ठेवते, असं ठरवूनच निघाले होते. काशीला विचार.

काशीबाई : व्हय रे. माझ्यासमोर बोलली.

सगुणा : आता नाय देणार.

धनेश : ...गोणपाटं वाळवलीस काय? ओली सीटखाली ठेवलीस तर पत्रा गंजेल.

सगुणा : टपावर पसरलीत. कडक झालीत पापडासारखी.

धनेश : बरं. येताना घाई करू नको. आणि रोज फोन मला कर, मावशीला नको.

काशीबाई : वा रे! पाच दिवस खोटं बोलून माझी जीभ झिजली, आणि मलाच वगळा! सगुणे, पुढच्या खेपेला पुढची सीट माझी हो!

सगुणा : चप्पल काढून चालायची तयारी ठेव. ठेवते आता, उन्हाच्या आत पुढं जायचंय.

काशीबाई : ठेवला. चहा निवला बघ तुझा. आता कुणाला फोन लावतोस?

धनेश : हॅलो, निलेश? धनेश बोलतोय. संध्याकाळी येऊ नको रे. व्हॅन नाय द्यायची... नाय नाय, बिघडली नाय. आई घेऊन गेलेय.