पाण्याखालची दोन अक्षरं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचारलंत, तर मी आंद्रिस सरांचं नाव घेईन. आईनं ऐकलं तर ती रागावेल, पण खरं ते खरं. सर लॅटव्हियाचे. तो देश कुठं आहे हे मला इथं ओमानला येईपर्यंत माहीत नव्हतं. तिकडं त्यांनी पुस्तकांची चित्रं काढली, मग नाण्यांची, आणि उतारवयात इथं सीबच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पदकं आणि स्मरणनाणी करायला आले.

मी मूळचा देवगडकडचा. वडील जाळी विणायचे, घरात शाळेचं तोंड नीट कुणी बघितलं नव्हतं. मला चित्रकलेचा नाद, आणि आमच्या शाळेत चित्रकला म्हणजे स्वच्छता, कागदावर रबराचा डाग दिसला की गुण गेले. त्या स्वच्छतेवर मी दोन्ही ग्रेड परीक्षा काढल्या, कोल्हापूरला जाऊन पदवी घेतली, घरातला पहिला पदवीधर झालो, आणि मुंबईत ट्रॉफ्यांच्या कारखान्यात चार वर्षं काढून इथं आलो. हे सगळं का सांगतो, तर ती स्वच्छताच पुढं नडली.

काम कसं असतं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. पदक तळहातात मावेल एवढं असलं तरी त्याचं चित्र आधी ताटाएवढ्या प्लास्टरच्या गोलावर कोरायचं. मग तेव्हाच्या जुन्या यंत्राची सुई त्या गोलावरून दोन-तीन दिवस फिरायची आणि तेच चित्र लहान करून पोलादात कापायची. तो ठसा. प्लास्टरवर जे आहे ते पदकात उतरणार, जे नाही ते कधीच नाही.

सर मला दत्ता म्हणायचे, त्यांच्या तोंडी ते डाटा व्हायचं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मला गाडीत घालून खाबुराच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि म्हणायचे, बोट नको बघू, बोट सगळ्यांना येते, पाणी बघ. मी समुद्राकाठी जन्मलेला माणूस, आणि काय सांगू तुम्हाला, पाणी बघायला मला त्या माणसानं शिकवलं. घरी जेवायला बोलवायचे, माझं इंग्रजी तुटकं तरी कधी हसले नाहीत.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. कप धरला की बशीत सांडायचा. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ते नजरेत आलं होतं. त्या वेळी एका व्यापारी घराण्याच्या चांदीच्या पदकाचं काम चालू होतं, शिडाची बोट आणि खाली समुद्र. सरांनी त्या गोलाला महिना लावला. संपला त्या दिवशी इस्पितळात तपासण्यांना निघाले आणि मला म्हणाले, डाटा, उद्या हा यंत्रावर चढव, ब्रशनं धूळ झटक, बस.

मी गोल उजेडात धरला. बोट सुंदर, पण पाण्यावर सगळीकडं बारीक तिरक्या खरवडी, वाकड्यातिकड्या. मला वाटलं, हात थरथरलेत, अर्बाबला दिसलं तर सरांची नोकरी गेली. म्हणून मी काय केलं, बारीक पॉलिशपेपर ओला केला आणि ते सगळं पाणी घासून गुळगुळीत केलं. प्रेमानं केलं हो, जीव लावून केलं. बोटीच्या तळाशी एक ओरखडा होता तोही प्लास्टरनं बुजवला. आणि सुई लावली.

सर चार दिवसांनी आले. ठसा कापून, भट्टीत कडक करून झाला होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, पाणी कुठं गेलं? मी अभिमानानं सांगितलं, सर, मी साफ केलं. त्यांनी ठसा खाली ठेवला. मग म्हणाले, हात बोटीवर थरथरत होता, डाटा, पाण्यावर नाही, पाण्यावर वारा होता. आणि माझं नाव? मी म्हटलं, कुठलं नाव? तर बोटीच्या तळाशी जो ओरखडा मी बुजवला, ती त्यांच्या नावाची दोन अक्षरं होती. नाणं करणारा आपलं नाव तसंच लपवून कोरतो, भिंगाशिवाय दिसू नये असं. मला ते तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सरांना पाणी पुन्हा कोरू द्या, दुसरा ठसा करा म्हणून मी अर्बाबच्या पाया पडायचा बाकी होतो. तो म्हणाला, खलास, गिऱ्हाईक थांबलंय, आणि हेच छान आहे, क्लीन. सरांच्या देखत माझी पाठ थोपटली. सरांचा करार पुढं झाला नाही. ते त्यांचं शेवटचं काम. जाताना मला म्हणाले, तू चांगला मुलगा आहेस. मला वाटतं, त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांची खुर्ची मला मिळाली. ऑफिसच्या यादीत ते पदक माझ्या नावावर चढलं आणि दहा वर्षं मी गप्प बसलो, कारण त्याच पदकाकडं बोट दाखवून मला पुढची कामं मिळत होती. रत्नागिरीचे इब्राहिमभाई ठशांना पॉलिश करतात, त्यांना सगळं ठाऊक. ते चहाला बसले की टोचायचे, काय रे दत्ताराम, दुसऱ्याच्या होडीत बसून किती दिवस मासे खाणार तू?

यंदा त्याच घराण्यानं तेच पदक परत मागवलं. जुना ठसा तडकलेला, आता सगळं कॉम्प्युटरवर नव्यानं करायचं. अर्बाबचा मुलगा म्हणाला, डिझायनर म्हणून तुझंच नाव टाक, अक्षरंही तुझी कोर. मी म्हटलं, नाही, हे माझं नाही. सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, मग दहा वर्षं तू केलंस तरी काय? माझा करार दोन महिन्यांनी संपतोय. पुढचा होईल असं वाटत नाही, आणि त्याला दोष तरी कसा देऊ.

अक्षरं मी सरांचीच कोरली. इब्राहिमभाईंनी भिंग लावून बघितली आणि कधी नाही ते काही टोमणा मारला नाही, म्हणाले, आता लिही त्याला. पत्ता जुन्या फायलीत मिळाला. अल् घुब्रा भागातल्या आमच्या घरी मुलीला शेजारी बसवून पत्र इंग्रजीत लिहिलं. ती म्हणाली, बाबा, तीन वेळा सॉरी कशाला, एकदा इनफ आहे. मी दोन खोडले. पाच महिने झाले, उत्तर नाही. सर आहेत की नाहीत, तेही माहीत नाही. पत्र एवढंच होतं, तुम्हाला मराठीत सांगतो.

आदरणीय आंद्रिस सर, मी दत्ता, सीबचा. तुमचं पदक पुन्हा निघालं. या वेळी बोटीखाली तुमची दोन अक्षरं आहेत आणि यादीतून माझं नाव काढलं आहे. मला माफ करा. पाण्यावरच्या तुमच्या रेघांचा फोटो कुणाकडं नाही, म्हणून मी चार शुक्रवार खाबुराला बसलो आणि आठवून काढायचा प्रयत्न केला. माझ्या रेघा सरळच येतात. तुमच्या नावावर माझं पाणी घालायचा धीर झाला नाही, म्हणून पाणी मी बिघडवलं होतं तसंच गुळगुळीत ठेवलं आहे. कुणी भिंगातून तुमचं नाव वाचेल आणि म्हणेल, या माणसाला समुद्र काढता येत नव्हता. तसं नव्हतं, हे आता फक्त मला माहीत आहे. तुमचा, दत्ता.