ग्वाटेमालाला नेलेला शर्ट

चहा ओत आधी, मग सांगतो माझं डोकं का फिरलंय ते. रिटायर झाल्यावर मी दोन आठवडे एका संस्थेतर्फे ग्वाटेमालाला व्हॉलंटियर म्हणून गेलो होतो ना? इथून, अमेरिकेतल्या प्लेनोहून आम्ही आठ जण होतो. तिथल्या एका खेड्यात पाण्याची टाकी बांधायची होती. डिझाइन कोणाचं? माझं! सिव्हिल इंजिनियर म्हणून अख्खी हयात गेली यार माझी.

जाताना बायकोने बॅगेत माझा कॉलर फाटलेला, विरलेला शर्ट कोंबला. म्हणाली, "सिमेंटच्या कामाला चांगले कपडे कशाला? हा वापरा आणि तिकडेच टाकून या."

काल त्या संस्थेचं न्यूजलेटर आलं. पहिल्याच पानावर मी, नळाखाली ओंजळ धरलेला! खाली लिहिलंय, "आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ पाणी पिताना गावातले एक आजोबा." मागे बाकीचे सात गोरे उभे, त्यांची नावं मात्र बिनचूक छापलीत!

तडक संस्थेत फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, "बाई, मी गावकरी नाही, तुमचा इंजिनियर आहे!"

तिकडची पोरगी म्हणते कशी, "ओह, सो सॉरी सर! पण तो फोटो लोकांना इतका आवडलाय! पुढच्या वर्षी पण याल का? तोच शर्ट घालून?"

मी फोन कट केला. तर बायको आतून ओरडते, "आहे तो कपाटात! टाकून या म्हटलं होतं, तरी परत आणलातच ना?"