काका आणि गळाची दोरी

आम्ही जैन, आणि मी येडगाव धरणावर मैत्रिणीच्या भावाच्या गळाची दोरी धरून बसलेले. त्यानंच धरायला दिली होती, नि तो पलीकडं जाऊन बसला होता. तेवढ्यात मासा लागला आणि मागं काकांची स्कूटर थांबली. घरी कळलं असतं तर माझं कॉलेज बंद. मी दोरी चपलेखाली दाबली.

गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्या माझ्यापुढं बघून काका म्हणाले, "तूही माशांना चारायला आलीस? शाबास." दर अमावस्येला ते तशाच गोळ्या पाण्यात टाकायचे. त्यांचा गोळ्यांचा डबा रिकामा होईपर्यंत दोरी पायाखाली हिसके देत होती.

काका गेले. मैत्रिणीचा भाऊ शांतपणे म्हणाला, "लई भिता राव तुमी. काका चारत्यात म्हणून तर आमी हितं बसतो."