नागद्वारीच्या उतारावर

आम्ही मूळचे उमरेडचे, कोष्टी. बाप मागावर बसे, मीही बसलो, मंग माग बंद पडले अन् मी नागपुरात आलो, नंदनवनात खोली केली (नंदनवन म्हंजे नागपुरातलाच मोहल्ला), धरमपेठेत साड्याच्या दुकानात लागलो अन् तिथंच म्हातारा झालो. मोठी बहीण सुशीला, तिले आम्ही बाई म्हणतो, नवरा वारल्यावर ती माह्याकडेच आली. लेकरूबाळ नाही तिले.

नागपंचमीच्या टायमाले आमच्या मोहल्ल्यातले लोकं दरसाल पचमढीले जात, तिथून नागद्वारीची, म्हंजे पहाडातल्या नागदेवाच्या गुहेची, यात्रा पायी करत. सातपुडा तुम्ही उन्हाळ्यात पाह्यला असन तं तो वेगळा, लाल दगड अन् कोरडे नाले. श्रावणात तो पहाड वळखूच येत नाही. धूपगडाच्या अंगानं वाट उतरते तं ढग अंगावरून जाते, कपडे वाळत नाही, दगडाले शेवाळ, बाजूले दरी हाये पण दिसत नाही, नुसता पाण्याचा आवाज येते. बाईले ते लय आवडे. झाडावर शेकरू दिसते तिथं, खारीसारखं पण मांजराएवढं, लंबी शेपटी. ते दिसलं का बाई थांबलीच. मी म्हणो, चाल वं बाई, लोकं पुढं गेले.

माहं पोरगं लहान होतं त्या साली असंच झालं. आम्ही दोघंच मागं राह्यलो. वाटेच्या वळणावर वारूळ होतं अन् अस्वल ते उकरून राह्यलं होतं. काय सांगू तुम्हाले, झऱ्याच्या आवाजात त्याले आमची चाहूल लागली नाही अन् धुक्यात आमाले ते दिसलं नाही. पाच-सहा हातावर आलो तवा ते उभं राह्यलं. बाई पुढं होती. अन् मी पळालो.

माह्या हातात काठी होती, ती घेऊन पळालो.

पुढचे लोकं गाठले, त्याईले घेऊन वापस आलो, तवर अस्वल गेलं होतं. बाई बसली होती दगडाले टेकून, उजवा डोळा नाही, गालाचं काही राह्यलं नाही. बांबूले चादर बांधून तिले वर आणलं, दिवस गेला त्या चढात. दवाखान्यात तिले बोलता आलं तवा सगळ्याईले पयले काय सांगतलं तं, माह्या भावानं काठीनं हाणलं अस्वलाले, म्हून मी जित्ती हाये.

खरं काय ते आज बोलू, उद्या बोलू, बरसं गेले. माही बायको माह्याकडे कौतुकाच्या नजरेनं पाहे, नातवंडं शाळेत माही अस्वलाची गोष्ट सांगत. यंदा मोहल्ल्यातल्या पोरायनं माहा सत्कार ठेवला, शाल-नारळ. अंगावर शाल टाकली तशी मी ती काढून घडी केली. घरी आलो, बाई अंगणात गहू निवडत बसली होती, मी तिच्यापाशी बसलो अन् म्हटलं, बाई, मी पळालो होतो.

ती म्हणे, मालूम हाये मले. तुह्या पायाचा आवाज ऐकला म्या.

मंग खोटं काहून सांगतलं वं?

ती गहू निवडतच राह्यली. म्हणे, मले तुह्याच घरी राहाचं होतं गा. खरं सांगतलं असतं तं तू माह्या तोंडाकडे पाह्यलं असतं काय रोज?

तिनं सुपातले खडे फेकले अन् म्हणे, तवा तुह्या बायकोच्या कडेवर लेकरू होतं; हे घर सुटलं असतं तं मले कोणी नसतं, अन् खरं समजलं असतं तं तुलेही लोकायनं जगू देल्लं नसतं. आता झालं ते झालं.

परवा शेजारची नवी सून आली, तिनं इचारलं डोळ्याचं, तं बाईनं तेच सांगतलं, काठीचं. मी तिथंच चहा घेऊन राह्यलो होतो. मी मान हालवली. आता दुसरं काय करू? ती हाये तवर हेच चालन. देवानं तिले अजून बरसं द्यावी, एवढंच मांगतो, अन् मांगतानाही भेव वाटते मले, का हे तिच्यासाठी मांगतो का माह्यासाठी.